अनसाबाईंचं वाचून होईपर्यंत

केरूनाना पेंटरांकडे पाटी रंगवायला टाकणारा माणूस आधी हमखास चिडायचा. नाना त्याचं सगळं ऐकून घेत. दुकानाचं नाव, वडिलांचं नाव, देवाचं नाव, माल काय काय मिळतो, तो कसा अस्सल आहे, वर कमान हवी, खाली वेल हवा, दोन्ही कोपऱ्यांत मोर हवेत. नाना मान डोलवत, "व्हय, व्हय" म्हणत. आणि काही दिवसांनी त्याच्या दुकानावर जी पाटी टांगली जाई, ती साफ कोरी असे. नुसती निळी, नाहीतर नुसती पोपटी. तिच्यावर अक्षर म्हणून एक नाही.

"नाना, हे काय?"

"पाटी."

"अहो, पण लिहिलंय कुठं?"

"लिवू की. आधी तिला जागेची सवय हू द्या. तुमाला बी."

मग तो माणूस येता-जाता त्या कोऱ्या पाटीकडे बघत राहायचा. सकाळचं ऊन तिच्यावर सरकायचं, दुपारी ती पांढुरकी दिसायची, दिवेलागणीला करडी व्हायची. बघता बघता त्याच्या डोक्यातला एखादा मोर उडून जायचा. एके दिवशी तो आपणहून येऊन म्हणायचा, "नाना, ते मोर राहू द्या." नाना शांतपणे विचारायचे, "ऱ्हाऊ द्या म्हंजी ठिवू का काढू?"

मी लग्न होऊन चिंचवडला आले ती पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीला तेव्हा औषधांच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं आणि माझे यजमान तिथे देखरेखीला होते. मी शाळेत शिकवायचे. स्टेशनकडून मुंबई-पुणे रस्त्याला लागलं की एक जुनी चिंच होती, चिंचेखाली नानांची पत्र्याची शेड आणि शेडच्या मागे आमची खोली. रस्ता मोठा खरा, पण दोन ट्रकांच्या मधल्या वेळात इतकी शांतता असे की चिंचेची पानं पत्र्यावर पडल्याचं ऐकू यायचं. खिडकीतून जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास येई. पहिले काही महिने माझं डोकं दुखलं. नंतर तो वास नसला की चुकल्यासारखं व्हायला लागलं.

नाना उंच, किडकिडीत, टोपी मागे सरकवलेली, कानावर ब्रश. त्यांना डोळे बारीक करून बघायची सवय होती. पाटीकडे तसं बघितलं की अक्षरं विरघळतात आणि नुसते रंगाचे ठोकळे उरतात, आणि ठोकळे नीट बसले असले की पाटी नीट, असं ते सांगत. पण ही सवय त्यांना इतकी जडली होती की ते माणसांकडेही तसंच बघायचे. नवख्याला वाटायचं, म्हातारा पेंगतोय, नाहीतर आपल्यावर रागावलाय. मलाही आधी तसंच वाटलं होतं. शेडसमोर तासन् तास बसलेले असायचे. "काय चाललंय, नाना?" म्हटलं की म्हणायचे, "पाटी वाळतीया." पुष्कळदा तिथे पाटी नसायचीच.

त्यांच्या स्वतःच्या शेडवर मात्र पाटी नव्हती. एकदा मी त्यावरून त्यांना छेडलं, तर म्हणाले, "मी हितंच असतो की, मास्तरीणबाई."

नाना मूळचे नगरकडचे. तरुणपणी एका फिरत्या नाटक कंपनीत पडदे रंगवायला होते. पुढे सिनेमे आले, कंपनी मोडली, आणि नाना फिरत फिरत या रस्त्याला येऊन टेकले. पडद्यांबद्दल बोलायला लागले की त्यांचा आवाज हळू व्हायचा. "पडद्यावर निम्मं आभाळच असतं बघा. आभाळ रंगवायला लई सुख वाटायचं. मालक म्हणायचा, ढग घाल, पाखरं घाल. घातली. मग नटी गात असायची आन् पब्लिक पाखरं मोजत बसायचं."

आता अनसाबाईंबद्दल सांगायला हवं. त्यांच्याशिवाय नानांची कुठलीच पाटी पुरी होत नसे.

अनसाबाई म्हणजे नानांची बायको. नाना त्यांना "आमची मंडळी" म्हणत. ठेंगण्या, गोल, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला इकडून सांगितलेलं ऐकू जाई. पाटी लिहून वाळली की नाना ती चिंचेच्या खोडाला टेकवून ठेवत आणि शेडकडे तोंड करून नुसतं खाकरत. अनसाबाई पिठाचे हात पुसत बाहेर येत, रस्ता ओलांडत, चहावाल्याच्या बाजूला एक दगड होता त्याच्यावर बसत, आणि उजव्या हाताचं बोट हवेत धरून एकेक अक्षर गिरवल्यासारखं करत मोठ्यानं वाचत. गिऱ्हाइकानं तोवर पाटीशेजारी उभं राहायचं. मध्येच ट्रक आला आणि पाटी झाकली गेली की त्या थांबत आणि ट्रक गेल्यावर परत पहिल्या अक्षरापासून सुरुवात करत. मधून वाचायचं त्यांना जमतच नसे. आणि त्यांना जे अडलं, ते नाना टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसून टाकत. मग ते देवाचं नाव असो की गिऱ्हाइकाच्या सासऱ्याचं.

अनसाबाईंना वाचायला मीच शिकवलं, असं मी लोकांना सांगते, पण ते अर्धंच खरं आहे. शाळेच्या व्हरांड्यात दुपारी मी प्रौढ बायकांचा वर्ग घ्यायचे, त्यात त्या आल्या. त्याआधी त्या पलीकडच्या दगडावर बसून नुसतं सांगायच्या, "ही अक्षरं, आन् ह्यो वेल." तेवढं वेगळं कळलं तरी नानांना पुरे असे. वर्गात आल्यावर त्या अक्षरं जुळवू लागल्या, पण गती आली नाही ती नाहीच. मला शिक्षिका म्हणून त्याचं वाईट वाटायचं. नाना मात्र खूष होते. म्हणाले, "पळवू नका तिला. भरभर वाचणाऱ्याला कसली बी पाटी चालती. पाटी असती ती हळू वाचणाऱ्यासाठी."

एक सलूनवाला होता. त्याला पाटीवर कात्री, कंगवा, आरसा, दोन देखण्या पुरुषांची तोंडं, आणि शिवाय 'दाढी करताना हलू नये', 'राजकारणावर बोलू नये' असं बरंच काही हवं होतं. कोऱ्या पाटीचाही त्याच्यावर परिणाम झाला नाही. नाना कंटाळून म्हणाले, बरं, लिहितो. सगळं लिहिलं. अनसाबाई दगडावर जाऊन बसल्या, बोट वर केलं, आणि म्हणाल्या, "कात्री दिसली. म्होरं समदी मुंग्यांची रांग हाय." चहावाल्याकडची माणसं हसली. सलूनवाला बिचारा लाल झाला. नानांना कुणाला खजील करायला आवडत नसे. त्यांनी पाटीवर कात्री आणि 'सलून' एवढंच ठेवलं, आणि बाकीचे सगळे नियम दुकानाच्या आत आरशावरच्या भिंतीवर सुबक अक्षरात लिहून दिले. म्हणाले, "ज्याला जागचं हलता येत न्हाई, त्याला किती बी वाचायला द्या."

टेकचंदची पाटी मला जास्त आठवते. पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतला हा सिंधी माणूस रस्त्यावर कापडाचं छोटं दुकान टाकत होता. त्याच्या मनात मजकूर केवढा तरी होता: त्यांचा देव झुलेलाल, रेशमी, सुती, लोकरी, एकच भाव. आणि शेवटी, जरा बाचकत, तिकडे सिंधमध्ये दुकान होतं त्या शिकारपूर गावाचं नाव. नानांनी डोळे बारीक करून त्याच्याकडे बघितलं आणि हिंदीत विचारलं, "इसमें से एकच रखना होगा तो?"

टेकचंदनं रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाला, "शिकारपूर. कोई अपनावाला रास्ते से जाएगा, तो देखेगा."

"कापड तो लोगों को दिखताच है," नाना म्हणाले.

आणि पाटीवर फक्त 'शिकारपूरवाले' लिहिलं गेलं. पांढऱ्या अक्षरात, गडद निळ्यावर, चोहीकडे मोकळी जागा सोडून. 'कापड' हा शब्दसुद्धा नाही. लोकांनी नानांना वेड्यात काढलं. पण एका दुपारी मुंबईहून येणारी एक मोटार दुकानावरून पुढे गेली, थांबली, आणि सावकाश मागे आली. उतरलेला गृहस्थ शिकारपूरचा नव्हता, सक्करचा होता, म्हणजे शेजारच्या गावचा. तेवढंही पुरलं. दोघं दुकानाच्या पायरीवर बसून संध्याकाळपर्यंत त्यांच्या भाषेत बोलत होते आणि मोटारीचा ड्रायव्हर मागच्या सीटवर झोपून गेला होता.

नानांना हे कशामुळे सुचलं असेल, असं मी एकदा वर्ग सुटल्यावर अनसाबाईंना विचारलं. त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं.

"ह्ये नाटकात व्हते तवा सासूबाई लई आजारी पडल्या. ह्यांना बोलवायला मी गाडीत बसून एकटीच गेले. इचारत इचारत एका मोठ्या दारापशी आले. दार लोटलेलं. वर ही येवढी पाटी. लाल, पिवळी, वेलबुट्टी, मोर. मला वाटलं कुण्या सरदाराचा वाडा असंल. पायरीवर बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला इचारलं, ह्ये काय लिवलंय? एक म्हनला, लई दाटी हाय, लागत न्हाई. दुसरा म्हनला, मंगल कार्यालय असंल. दिस मावळायला ह्ये बत्ती लावायला भाईर आले, तर मी हितं. आमी घरी पोचलो तवर सासूबाई गेल्या व्हत्या."

"म्हणजे ते थिएटरच होतं?"

"व्हय. आन् पाटी ह्यांचीच. लई हौसेनं लिवलेली."

त्यानंतर मी नानांना कोऱ्या पाट्यांवरून कधी चिडवलं नाही. तिला वाचता येईल अशीच पाटी लिहायची, असं त्यांनी तेव्हा मनाशी ठरवलं असणार. तोंडानं ते कधी बोलले नाहीत. ते आईबद्दलही कधी बोलले नाहीत.

हा नियम नानांनी एकदाच मोडायला घेतला, चाकणजवळच्या निघोज्याच्या मारुतरावांच्या पाटीसाठी. मारुतराव जुन्या घरचे शेतकरी, पांढरा फेटा, भरघोस मिशा. चाकणच्या कांदाबाजारात ते अडतीचं दुकान काढत होते, म्हणजे शेतकऱ्यांचा कांदा विकून द्यायचं. दाराएवढा पत्रा छकड्यात घालून ते चिंचेखाली आले आणि सांगायला बसले. वर म्हाळसाकांत प्रसन्न. मग वडिलांचं नाव. मग स्वतः धरून चौघा भावांची नावं. कांदा, बटाटा, लसूण, गूळ. एका बाजूला बैलगाडी, एका बाजूला लक्ष्मी, आणि मधोमध तिरंगा, कारण स्वराज्य आलं होतं.

नानांनी ठेवणीतला प्रश्न काढला. "मारुतराव, कांद्याचं रोप दाट लावलं तर काय व्हतं?"

"गाठ धरत न्हाई."

"मग?"

"मग काय, पात म्हनून इकायची. पातीला बी गिऱ्हाईक असतंय."

मी खिडकीत उभी होते, मला हसू आवरेना. शेवटी नेहमीप्रमाणे त्यांनी पत्रा आभाळी रंगानं रंगवला आणि कोराच नेऊन चाकणला टांगला.

मग एक गंमत सुरू झाली. मारुतरावांचा दुसरा भाऊ ज्ञानोबा एके दिवशी चिंचेखाली आला. "दादाला सांगू नका," म्हणाला, "पन माजं नाव जरा ठळक काढा." काही दिवसांनी तिसरा, सोपान आला, तो म्हणाला, "माजं तांबड्या रंगात जमंल का?" आणि मग सगळ्यात धाकटा आला, बबन. मिसरूड फुटलेलं पोर. तो म्हणाला, "माजं नाव लिवूच नका. मी ममईला चाललोय, गिरणीत. घरात माज्यावाचून कुनाचं काय अडत न्हाई."

नानांनी हे कुणाला सांगितलं नाही. फक्त अनसाबाईंना सांगितलं, म्हणजे ते मलाही कळलंच.

कोऱ्या पाटीकडे बघून माणसं एकेक गोष्ट सोडत, हा नानांचा अनुभव. मारुतराव पाटी छकड्यात घालून परत आले ते मात्र वाळल्यासारखे दिसत होते. "नाना, तुमची कोरी पाटी लई वंगाळ हाय," ते म्हणाले. "रोज बघतो. रिकामं दिसलं की मला घर दिसतं. हितं कोन बसायचं, तितं कोन बसायचं. बाप गेला तवा बबन रांगत व्हता. मी वाडवला. आता मान वर करून बोलत न्हाई माज्याशी. तिकडं दोघांच्या बायकांनी चुली येगळ्या मांडल्या. मला वाटतंय, पाटीवर चौघं असली म्हंजी..."

त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. दुपारची वेळ होती, रस्त्यावर काही नव्हतं, चिंचेच्या सावल्या पत्र्यावर हलत होत्या. नानांनी फडकं हातात घेतलं, पिळलं, परत ठेवलं. मग त्यांनी तोच नेहमीचा प्रश्न विचारला, पण विचारतानाच त्यांचा आवाज पडला.

"यातलं एकच ठिवायचं झालं तर?"

"एक कसं ठिवू, नाना? चार हायेत."

माणसाला गर्दी हवी असते ती हौसेपोटी, असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं. स्वतःच्या वेलाची आणि मोराची त्यांना आठवण असायची, म्हणून तसं वाटत असेल. हा माणूस मात्र कुणी सुटून जाऊ नये म्हणून सगळ्यांना पाटीवर धरून ठेवत होता. मला खिडकीतून नानांची नुसती पाठ दिसत होती.

आतून, चुलीपासून, अनसाबाईंचा आवाज आला. "चौघांची लिवा."

"तुला जड जाईल वाचायला," नाना म्हणाले.

"जाऊ द्या. सावकाश वाचीन. घाई कुनाला हाय?"

नानांनी चार नावं लिहिली. एकाखाली एक, सारख्या उंचीची, सारख्या रंगाची, ना कुणाचं ठळक ना कुणाचं तांबडं. कांदा-बटाटा काढून टाकला, कारण कांदा दारात ढिगानं पडलेलाच असणार होता. बैलगाडी खरीच उभी राहणार होती. वडिलांच्या नावावर मारुतराव थोडे अडले, पण चौघं म्हणजे बापच की, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. देवावर मात्र ते हटून बसले. तेव्हा नानांनी पाटी उलटी केली आणि तिच्या मागच्या अंगाला, जिथे गादीवर बसल्यावर मारुतरावांची नजर जाईल, तिथे म्हाळसाकांत लिहिला. म्हणाले, "देवाला काय रस्त्यापल्याड जाऊन वाचायचं न्हाई."

बाजाराच्या दिवशी पाटी लावायची ठरली. अनसाबाई मला म्हणाल्या, "बाई, चला संगं. येवढं मोठं मी कदी वाचलं न्हाई." शाळेला सुट्टी होती, मी निघाले. मारुतरावांनी पहाटेच छकडा पाठवला होता. पाटी चादरीत गुंडाळून मध्ये ठेवली होती आणि आम्ही तिघं तिच्या कडेनं बसलो होतो. भोसरी मागे पडली, इंद्रायणीवर धुकं होतं, मग दोन्ही बाजूंना नुसती शेतं. त्या सगळ्या वाटेवर वाचायला एकही अक्षर नव्हतं. नाना डोळे बारीक करून समोर बघत बसले होते, आणि मला खात्री आहे की ते आभाळ रंगवत होते. मीही मध्ये पेंगले. आज त्या रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंच्या कंपन्यांच्या पाट्या वाचून डोळे शिणतात, आणि मला तो छकडा आठवतो.

चाकणला पोचलो तेव्हा बाजार भरला होता. पाटी वर चढली. मारुतराव, ज्ञानोबा आणि सोपान तिच्याखाली उभे राहिले. बबन नव्हता. मारुतरावांची नजर रस्त्यापलीकडे होती. पलीकडे एसटीचा थांबा होता, आणि थांब्यावर एक पत्र्याची ट्रंक घेऊन बबन उभा होता.

अनसाबाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या रस्ता ओलांडून थांब्यापाशी गेल्या, एका कांद्याच्या पोत्यावर बसल्या आणि बोट वर केलं. मी त्यांच्यामागे उभी राहिले.

"मा... रु... ती. मारुती."

मारुतरावांनी मान खाली घातली. ज्ञानोबाच्या नावाला त्या खूप अडल्या. ते जोडाक्षर त्यांना वर्गातही कधी चटकन आलं नव्हतं. बोट हवेत थांबलं, मागे गेलं, परत आलं. बाजारातली माणसं थांबून बघायला लागली. ज्ञानोबा पलीकडून ओठ हलवून मदत करत होता, पण एवढ्या लांबून काय कळणार. शेवटी आलं. मग "सो... पा..." एवढं झालं आणि नारायणगावकडून एसटी आली. ती बरोबर आमच्या आणि पाटीच्या मध्ये उभी राहिली.

अनसाबाई थांबल्या. बोट तसंच वर. कंडक्टरनं आवाज दिला, माणसं चढली, पोती चढली. धुरळा इतका उडाला की मला काही दिसेना. मला वाटलं, संपलं. पलीकडे पाटीखाली तिघं उभे असतील, त्यांनाही गाडीच दिसत असणार, गाडीमागचं काही दिसत नसणार. मग घंटा वाजली आणि एसटी निघून गेली.

धुरळा खाली बसला तेव्हा बबन ट्रंक पायाशी ठेवून तिथेच उभा होता. तो पाटीकडे बघत होता. त्याला वाचता येत होतं, चौथीपर्यंत शिकला होता तो.

"काकू," तो म्हणाला, "म्होरं काय लिवलंय?"

"थांब," अनसाबाई म्हणाल्या. "मला मधून येत न्हाई. पयल्यापासनं वाचावं लागंल."

आणि त्यांनी पहिल्यापासून वाचलं. मारुती. ज्ञानोबा, पुन्हा तेवढंच अडत. सोपान. आणि मग चौथं नाव आलं. ब, ब आणि न ही अक्षरं मी त्यांना वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवली होती. ती त्या एका दमात वाचू शकल्या असत्या. पण बोट हळूहळू सरकलं, इतकं हळू की ते हलतंय की नाही तेच कळेना. "ब..." बाजारातली माणसं त्या बोटाकडे बघत होती. "ब..." पाटीखाली मारुतरावांनी फेटा हातात घेतला होता.

"न."

बबननं ट्रंक उचलली आणि रस्ता ओलांडला. नाना शिडीपाशी उभे होते. त्यांनी फक्त मान हलवली, म्हणजे पाटी वाचता येते, पुसायचं काही नाही.

पुढे त्या घरात वाटण्या झाल्याच. जमिनीला जे व्हायचं ते झालं. पण दुकान चौघांचं राहिलं आणि पाटीवरचं आपलं नाव खोडायला कुणीही नानांना बोलावलं नाही.

दोन-तीन वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, अनसाबाई छातीच्या दुखण्यानं गेल्या. मला फार वाईट वाटलं. माझ्या वर्गातली ती एकटीच बाई होती जी शिकलेलं अक्षर रोज वापरत होती. नानांनी काम बंद केलं. गिऱ्हाईक पिंपरीत नवा पेंटर आला होता त्याच्याकडे जायला लागलं. तो मागाल ते सगळं काढून द्यायचा, अक्षरांना सावल्या, सावल्यांना किनार. नाना शेडसमोर बसलेले असायचे. आता मी काय चाललंय म्हणून विचारत नसे.

एकदा टेकचंद नव्या दुकानाची पाटी घेऊन आला आणि हटूनच बसला. नानांनी ती लिहिली, चिंचेला टेकवली, सवयीनं शेडकडे तोंड करून खाकरले, आणि तसेच उभे राहिले. मला बघवेना. मी बाहेर जाऊन म्हटलं, "नाना, मी जाऊ का पलीकडे? मी वाचते."

त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता. "तुमी लई लवकर वाचता, मास्तरीणबाई," ते म्हणाले. ती पाटी त्यांनी तशीच घरात ठेवून दिली. टेकचंदनंही ती परत मागितली नाही.

त्यानंतर आमची बदली झाली. ज्या दिवशी आम्ही चिंचवड सोडलं त्या दिवशी सामान पुढे गेलं होतं आणि मी एसटीत खिडकीशी बसले होते. चिंचेपाशी येताना मी मुद्दाम बाहेर बघितलं. खोडाला एक पाटी टेकवलेली होती, हिरवी, पांढऱ्या अक्षरांची, आणि तिच्याशेजारी टेकचंद टोपी हातात घेऊन उभा होता. नानांनी घरात ठेवून दिलेली तीच ती पाटी. शेडसमोर नाना दिसले नाहीत. एसटी एका बैलगाडीसाठी थांबली, तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघितलं.

नाना रस्त्यापलीकडे होते. अनसाबाईंच्या दगडावर बसले होते. त्यांनी उजव्या हाताचं बोट हवेत धरलं होतं आणि ओठ हलत होते. आमची गाडी त्यांच्या आणि पाटीच्या मध्ये आली होती, म्हणून ते थांबले. गाडी हलली. मी मागच्या काचेतून बघत राहिले. पाटी मी येतानाच एका नजरेत वाचून टाकली होती. नानांनी बोट परत डावीकडे नेलं आणि पहिल्या अक्षरावर ठेवलं.